हात आता थरथरत नाही

चिंचवड, ९ जून १९७४

चि. सौ. नीलिमा,

आशीर्वाद. तू म्हणशील, तुमचे आशीर्वाद तुमच्यापाशीच ठेवा. ठेवतो, पण थोडे पाठवूनही देतो. पाकिटात जागा उरली आहे.

तुझ्या आईला गुपित ठेवता येत नाही. परवापासून जुन्या मऊ साड्या काढून दुपटी शिवत बसली आहे आणि एकटीच हसते आहे. या वयात आमच्या दोघांसाठी दुपटी शिवत नसणार, एवढं मलाही कळतं. विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय?" मला काय करायचंय! मी आजोबा होणार, आणि ते मला दुपट्यांवरून ओळखावं लागतं.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हा रिवाज तुझ्यामाझ्या भांडणापेक्षा जुना आहे. तू इकडे ये. तुझ्या लग्नात मामाने कन्यादान केलं आणि मी मांडवामागच्या खोलीत पिऊन पडलो होतो आणि बाहेरून कडी घातलेली होती, हे मी विसरलेलो नाही. त्यानंतर तू मला एक अक्षर लिहिलं नाहीस. हक्क आहे तुझा. पण मी दारू सोडली आहे, हे तुला कोणी कळवलं का? आईने कळवलं असेल आणि तू खोटं समजली असशील. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

सोडली ती अशी. कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे स्वतःच्या पायांनी गेलो. ते म्हणाले, पहिले काही दिवस अंग थरथरेल, झोप उडेल, म्हणून या पिवळ्या गोळ्या घ्या, पंधरवड्याने बंद करू. गोळ्या फार गुणी निघाल्या. पंधरवडा संपला, पण मला अजून थोडे दिवस लागतील हे माझं मीच ओळखलं. डॉक्टरांना तरी किती त्रास द्यायचा? काळेवाडीत एक दुकानदार आहे, तो चिठ्ठीबिठ्ठी मागत नाही.

आता घरात नवा कायदा आहे. संध्याकाळी मी उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, तोंड उघडून 'हा' करायचं, तुझ्या आईने नाक पुढे करायचं, मग आत यायचं. कंपनीच्या गेटवर वॉचमन घेतो तसाच वास. शेजारच्या बायका खिडकीतून बघतात. बघू देत. मी रोज पास होतो.

तुझा नाना

चिंचवड, २१ जुलै १९७४

चि. नीलिमा,

मुकुंदराव येऊन गेले. नवऱ्याला इन्स्पेक्टर करून पाठवलंस म्हणजे तू माझीच मुलगी. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातले दोष काढून पगार घेतला, त्याची फेड झाली.

बिचारे फार भले आहेत. चहा होईपर्यंत नुसते हवापाण्याचं बोलत होते. शेवटी म्हणाले, "नाना, राग मानू नका, पण नीलिमाने शपथ घालून पाठवलंय."

"घ्या की वास," मी म्हटलं. "लाजता काय? इथे रोजच घेतात."

घेतला. मग मी कपबशी एका हातात धरून त्यांच्यासमोर आणली. बशी वाजली नाही. पूर्वी माझ्या हातातली बशी वाजली की शेजारी कळायचं, नाना चहा पितायत. कंपनीतही मायक्रोमीटर धरला की हात असा हलायचा, की दर वेळी माप वेगळं यायचं. हात आता थरथरत नाही. हे तुला मुकुंदराव सांगतीलच.

खिडकीतली बाटली त्यांनी उचलून पाहिली. "या कसल्या?"

"झोपेच्या. डॉक्टरांच्या."

"मग बरं," असं म्हणून त्यांनी ती परत ठेवली. सगळे असंच म्हणतात. तुझी आई तर पाण्याचा पेला हातात आणून देते, वर विचारते, "घेतली का?" औषध वेळेवर घेणारा नवरा तिला जन्मात पहिल्यांदा मिळाला आहे.

सकाळी एक, डबा खाल्ल्यावर एक आणि रात्रीची. दिवसाची सुरुवातीला नव्हती, पण कामात बारीक मापं घ्यायची म्हणजे मन शांत हवं.

तू आईला लिहिलंस, "ते खरंच शुद्धीवर असतील तरच येईन." वाचून वाईट वाटलं, पण तू माझ्याबद्दल काहीतरी लिहिलंस याचा आनंदच जास्त झाला.

तुझा नाना

चिंचवड, १५ सप्टेंबर १९७४

चि. नीलिमा,

हे पत्र आईला न सांगता लिहितो आहे. मन कशात लागत नाही.

आमच्या खात्यात भिवा म्हणून हेल्पर होता. चाकणच्या अलीकडच्या एका वाडीवरचा. घरची शेती भाऊ बघायचा आणि हा सायकल मारत कामावर यायचा. दापोडीच्या गल्लीतल्या गुत्त्यात आम्ही दोघे एकाच फळीवर बसलेले, तिथे साहेब आणि हेल्पर असं काही नसतं. मी सोडल्यावर तो सारखा मागे लागायचा, "सायेब, तुमी कशी सोडली? आमाला बी सांगा की. पोरं मोठी व्हाय लागली." मी त्याला दोन शब्द सांगितले. शहाणपणाचेच.

परवा तो घरी ओसरीवर निजला तो उठलाच नाही. सकाळी बायको हाक मारायला गेली तर गार पडलेला. संध्याकाळी प्याला होता आणि वर झोपेच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. त्याला गोळ्या कुठून मिळाल्या कोण जाणे.

भेटायला गेलो होतो. त्याची बायको भागूबाई दारात बसली होती. मला वाटलं होतं, ती काही बोलेल, चिडेल. ती उलट पदर सावरून माझ्या पाया पडायला वाकली. म्हणाली, "तुमचं लई नाव घ्यायचे, सायेब. म्हनायचे, सायबानं आपल्यातलं औशिद दिलंय मला, आता सुटंल. सुटली न्हाई हो. पर तुमी केलं तेवढं कोन करतंय?"

मी चहा घेतला नाही. चिखल फार होता आणि शेवटची यष्टी चुकली असती.

दोन्ही एकत्र घेतलं की घात होतो, एवढंच यातून घ्यायचं. मी नुसत्या गोळ्या घेतो. दारूच्या थेंबाला शिवलेलो नाही. तू काळजी करू नकोस, तुझ्या अवस्थेत ते बरं नाही. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

तुझा नाना

चिंचवड, ६ ऑक्टोबर १९७४

चि. नीलिमा,

तू येणार! आईने कळवलं तेव्हा मी जेवत होतो, तसाच उठलो. उष्ट्या हाताने कुठे निघालात, असं ती ओरडली. कुठे निघालो होतो ते मलाही ठाऊक नाही.

पुढची खोली तुझी. छबूबाईला सांगून ठेवलंय, आपल्या आळीतल्या सगळ्या बाळंतिणींना न्हाऊमाखू तीच घालते. डिंक, अळीव, बाळंतशेपा, सगळं आणलं. अळीव दोनदा आणले, असं तुझी आई म्हणते. आणले असतील. खाईल की बाळंतीण.

इकडचं सर्व ठीक. मला इन्स्पेक्शनमधून स्टोअरमध्ये टाकलंय. वर्षानुवर्षं उभं राहून काम केलं, आता बसून करायचं. सुंठेवाचून खोकला गेला. एक लॉट माझ्या सहीने पास होऊन गेला आणि तो सगळा परत आला, असं म्हणतात. माझी सही होती खरी. मला तो लॉट आठवत नाही.

मध्यंतरी मनात आलं, तू यायच्या आत गोळ्याही बंद कराव्यात. केल्या. दुसऱ्याच दिवशी भिंतीवर मुंग्यांची रांग लागली, ती माझ्या बाहीत शिरायला लागली. तुझी आई म्हणते एकही मुंगी नव्हती. ती घाबरली, तिनेच गोळी माझ्या हातावर ठेवली. मग निवांत झोप लागली. तेव्हा आता तो विषय नको. मधुमेहवाला नाही का रोज औषध घेत?

तुझी आई हल्ली एकच म्हणते, "पूर्वी भांडायचात तरी. आता असता कुठे तुम्ही?" घरातच असतो. बायकांना नवरा प्याला तरी दुःख, न प्याला तरी दुःख.

लवकर ये.

तुझा नाना

चिंचवड, १२ डिसेंबर १९७४

नीलिमा,

तू कुणाचंच ऐकून न घेता गेलीस. आईलाही बरोबर नेलंस. आता मला जे सांगायचं आहे ते कागदावर तरी ऐक.

मी झोपलो नव्हतो. डोळे मिटले होते.

छबूबाईने बाळाला न्हाऊ घालून दुपट्यात बांधलं. तुला न्हाणीघरात न्यायचं होतं. आई नळावर गेली होती, पाणी जायची वेळ झाली होती. छबूबाई म्हणाली, "बाळ कुनाकडं द्यायचं? द्या की आजोबाच्या मांडीवर, बसल्यात तर." तू दारात थांबलीस. मी बघत होतो, तू थांबलीस. मग तू मान हलवलीस आणि आत गेलीस. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

त्या सकाळी मी नेहमीपेक्षा जास्त घेतल्या होत्या, हे खरं आहे. का घेतल्या ते ऐक. आदल्या दिवशी तू बाळ माझ्याकडे दिलंस तेव्हा माझा हात थरथरला. तू पाहिलंस. बाळ लगेच परत घेतलंस. पुन्हा तसं व्हायला नको होतं मला. माझ्या नातवाला मी थरथरत्या हाताने धरणार नव्हतो. आणि हात थरथरला नाही गं, शपथ. अगदी स्थिर होता. बाळाने जांभई दिली, ती मी पाहिली. नखं पाहिली. मग तुझी किंकाळी ऐकली आणि मांडी रिकामी होती.

खुर्चीवर बसायला नको होतं. खाली बसलो असतो तर मांडीवरून फरशीपर्यंत असं किती अंतर?

तू ओरडलीस, "प्यायलात ना? प्यायलात ना तुम्ही?" मी सगळ्यांदेखत 'हा' केलं. आईने हातातली घागर टाकून वास घेतला आणि म्हणाली, "नाही गं, नाही प्यायलेत." तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. प्यायलो असतो तर तू मला शिव्या दिल्या असत्यास, ते मी सोसलं असतं.

पुण्याच्या दवाखान्यात मला आत येऊ दिलं नाही. मुकुंदराव दारात उभे होते. "नाना, तुम्ही घरी जा," एवढंच म्हणाले. मी घरी आलो.

डोक्याची सूज उतरली का, तेवढं कळव. तू नको, मुकुंदरावांना कळवायला सांग.

नाना

चिंचवड, २० जानेवारी १९७५

चि. नीलिमा,

आईचं कार्ड आलं. बाळाला झटके येतात म्हणून लिहिलंय. डोळे वर जातात आणि एक हात वळतो. ते थांबावेत म्हणून झोपेचं औषध थेंबाथेंबाने पाजतात, असंही लिहिलंय.

मी ते कार्ड काळेवाडीच्या दुकानदाराला दाखवलं. तो म्हणाला, हे तुमच्याच गोळ्यांच्या भाऊबंदातलं. म्हणजे बघ, तान्ह्या मुलाला देतात ते औषध वाईट कसं असेल? मोठमोठे डॉक्टर देतात ना? मी हे आईला कळवलं तर तिने उत्तरच पाठवलं नाही. मी काय चुकीचं बोललो?

सध्या मी घरीच असतो. कंपनीने विश्रांती घ्या म्हणून सांगितलं आहे. शेजारून भाजी येते. पाळणा अजून पुढच्या खोलीतच टांगलेला आहे, काढायचा कुणी? बारसं त्यात व्हायचं होतं. तुझ्या सासरी कऱ्हाडला केलंत, असं उडत उडत कानावर आलं. नाव काय ठेवलंत, ते मला कोणी सांगत नाही. आजोबाला नातवाचं नाव विचारत फिरावं लागतं, बाकी शिक्षा राहिली तरी कुठली?

नाव कळव.

नाना

चिंचवड, १६ फेब्रुवारी १९७५

माझी नीलू,

तुझं पत्र आलं. तुझ्या हातचं, माझ्या नावावर. पोस्टमनने दिलं तेव्हा मी पाकीट उघडायच्या आधी नुसता पत्ता वाचत बसलो.

तू लिहितेस, "आई दिवसभर काम करते आणि संध्याकाळ झाली की दाराकडे बघत बसते. तिला तुमच्याविना करमत नाही. तुम्ही बरे असाल तर मी श्रीरंगला घेऊन तिला पोचवायला येते. पण नाना, या वेळी मला खरं लिहा. तुम्ही जे लिहाल त्यावर मी येईन किंवा येणार नाही. दुसऱ्या कुणाला विचारणार नाही."

श्रीरंग. चांगलं नाव आहे.

खरं लिहितो. आज सकाळची पहिली अजून घेतलेली नाही, म्हणून अक्षर असं आहे. घेतल्यावर अक्षर सुधारेल आणि खरं लिहिणं संपेल, तेव्हा तोवर वाच.

भिवाला गोळ्या मी दिल्या. मूठभर दिल्या, आणि दारूवर घेऊ नकोस हे सांगायचं राहिलं. खरं म्हणजे राहिलं नाही, सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग तुमची सुटली कशी? मला माझं कौतुक करून घ्यायचं होतं.

तू गेल्यावर मी गोळ्यांच्या सगळ्या बाटल्या गटारात ओतल्या. तिसऱ्या दिवशी अंगणात पडलो. शेजाऱ्यांनी नाकाला कांदा लावला, दातात चमचा घातला. जीभ चावली होती. मला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, या एकदम सोडायच्या नसतात, दवाखान्यात ठेवून हळूहळू कमी करू, खाट रिकामी झाली की या. खाट रिकामी झाल्याचा निरोप आला. मी गेलो नाही. दारापर्यंत गेलो होतो. पण ते माझी बाटली काढून घेतील आणि मोजून देतील, या विचारानेच पाय मागे फिरले, आणि फिरले ते थेट दापोडीला. आता दोन्ही घेतो. भिवासारखंच.

दारू घ्यायचो तेव्हा सगळ्यांना दिसायचो मी. तुला लाज वाटायची, आई रडायची, वॉचमन गेटवर अडवायचा. गोळ्यांनी मला कुणाच्या लक्षात येऊ दिलं नाही. माझ्याही नाही.

येऊ नकोस. आईला पाठवू नकोस. ती आली तर पुन्हा पाण्याचा पेला घेऊन उभी राहील. श्रीरंगला तर माझ्या सावलीलाही आणू नकोस.

आणि हे नीट ऐक. मी स्वतःला ओळखतो. थोड्या दिवसांनी तुला माझं पत्र येईल, 'मी आता अगदी बरा आहे, ये' असं. त्यावर विश्वास ठेवू नकोस. अक्षर सुरेख असलं तर मुळीच ठेवू नकोस. ते पत्र फाड आणि हे ठेव.

मी तुला मांडीवर घ्यायचो तेव्हा पीत नव्हतो, नीलू. तू चालायला लागलीस तोवर तरी नक्की नव्हतो. तुला आठवणार नाही, म्हणून सांगितलं.

नाना

चिंचवड, ४ मार्च १९७५

चि. सौ. नीलिमा,

अनेक आशीर्वाद. पत्र लिहायला उशीर झाला, रागावू नकोस.

मी आता अगदी बरा आहे. झोप छान लागते, जेवण जातं, चिडचिड म्हणून नाही. हे अक्षरच बघ ना, किती दिवसांनी इतकं सुरेख आलंय. मधे तुला काहीतरी वेडंवाकडं लिहिलं होतं असं अंधुक आठवतं. तेव्हा अंगात ताप होता, ते मनावर घेऊ नकोस.

आईला आता किती दिवस ठेवून घेणार? घर अगदी ओकंबोकं झालंय. तू तिला घेऊन ये आणि चार दिवस राहा. पुढची खोली झाडून ठेवली आहे. पाळणा टांगलेलाच आहे. बाळाचं नाव काय ठेवलंत, ते अजून कोणी मला सांगितलं नाही.

कुठल्या यष्टीने निघणार तेवढं कळव. स्वारगेटला मी स्वतः येतो. उतरताना बाळाला माझ्या हातात दे, म्हणजे तुला सामान घेता येईल.

तुझा नाना